मंगलोरी कौलं शिवकालीन नव्हेत

शिवकालीन आरमारावरचा चित्रपट आला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘शूटिंग मालवण-देवगडकडचं आहे, तिथली कौलारू घरं तेव्हापासून तशीच आहेत.’ लोक पगड्यांचे पीळ तपासतात, छपराकडे कुणी बघत नाही.

पण एकात एक अडकणारी ती लाल, चपटी कौलं यंत्रावर दाबून केलेली असतात. बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं मंगळूरला त्यांचा कारखाना काढला १८६५मध्ये. सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं १६६४मध्ये. म्हणजे दोनशे वर्षांचं अंतर! जुनं कौल उलटून पाहा, बऱ्याचदा कारखान्याचं नाव उठवलेलं दिसेल. कुंभाराच्या हातच्या कौलावर ते कुठून येणार?

मग त्या काळी छपरं कशाची होती? सर्वसामान्यांची घरं भाताच्या पेंढ्यानं, गवतानं किंवा माडाच्या विणलेल्या चुडतांनी शाकारलेली. ऐपतदारांकडे कुंभारानं घडवलेली अर्धगोल नळीची कौलं. चुडतांचं छप्पर उभं करणं आजही अवघड नाही, म्हणून ही चूक मला जास्त लागते. कोकणातला कुठलाही जाणता गडी ते काम करून देईल.

किनाऱ्यावरचं सुरूचं बनही तसंच. इथल्या किनारपट्टीवर सुरूची लागवड झाली एकोणिसाव्या शतकात, प्रामुख्यानं सरपणासाठी. गलबतांच्या प्रसंगामागे माड चालतील, केवडा चालेल, उंडी तर फारच शोभेल. तिच्या बियांचं तेल होड्यांना लावायची इथली जुनी रीत आहे.