सलात आणि नमाज : विधी एक, मुळं दोन

अजान नीट ऐका. तिच्यात 'नमाज' हा शब्द येतच नाही. अजान देणारा मुअज्जिन दोनदा म्हणतो, 'हय्या अलस्सलाह', म्हणजे सलातला या. सलात हा नमाजचाच अरबी शब्द. ते ऐकून आपल्याकडचा माणूस मात्र निघतो नमाज पढायला.

नमाज हा शब्द फारसी. कुराणात तो नाही. इस्लाम इराणात पोचण्याआधीच पहलवीत, म्हणजे तिथल्या जुन्या फारसीत, तो होता, वाकून वंदन करणं या अर्थाने. जरथुश्त्री धर्मग्रंथ अवेस्तातल्या 'नेमह्' आणि संस्कृतातल्या 'नमस्'शी त्याचं सख्खं नातं, म्हणजे आपल्या नमस्काराशीही. एवढ्यावरून नमाजच मुळात वैदिक, असे मेसेज फिरतात. इथे गल्लत होते. विधी अरबस्तानात आधीच घडला होता, इराण्यांनी त्याला आपल्या घरचा शब्द लावला. बारशाला नाव ठेवते आत्या, म्हणून ती काही आई होत नाही.

सलातचं तसं नाही. अभ्यासक या शब्दाचा माग सुरियानी ख्रिस्ती आणि ज्यू ज्या अरामी भाषेत प्रार्थना करत, तिथपर्यंत नेतात. सुरियानीत, म्हणजे त्या ख्रिस्त्यांच्या अरामीत, प्रार्थनेला 'स्लोता'च म्हणतात. बायबलमधल्या दानिएलाच्या ग्रंथाचा 6वा अध्याय बघा. बंदी असूनही दानिएल माडीवर जातो. तिथल्या खिडक्या जेरुसलेमच्या दिशेला उघडतात. दिवसातून तीनदा तो गुडघे टेकतो. 'प्रार्थना करी' यासाठी तिथल्या मूळ अरामी मजकुरात सलातच्याच धातूचं क्रियापद आहे. ठरलेल्या वेळा, ठरलेली दिशा, जमिनीला टेकलेलं अंग, सगळं आलं. मदिनेत सुरुवातीचे 16-17 महिने मुसलमानही जेरुसलेमकडेच तोंड करत. काबेची दिशा आली ती साधारण 624 मध्ये. मुस्लिम श्रद्धेनुसार ही उसनवारी नव्हे, इब्राहिमपासूनच्या सगळ्या पैगंबरांची उपासना एकच. इतिहासकार मात्र शेजारच्या धर्मांशी असलेला संबंध बघतात.

पाच वेळांचं कोडं वेगळंच. हदीसप्रमाणे, म्हणजे पैगंबरांविषयीच्या परंपरेप्रमाणे, मेराजच्या (पैगंबरांच्या स्वर्गारोहणाच्या) रात्री 50 वेळा फर्मावलेली सलात मूसा पैगंबराच्या सल्ल्यावरून कमी करत करत 5 वर आली. इकडे पारशांच्या जरथुश्त्री धर्मातही दिवसाचे पाच 'गाह', म्हणजे प्रहर. मुंबईच्या आतशबेहरामात, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरात, आजही गाह बदलला की पुजारी अग्नीला चंदन वाहतात आणि घंटा वाजते. काही अभ्यासकांना यात धागा दिसतो. मला नुसत्या आकड्याचा पुरावा तोकडा वाटतो. दानिएलाच्या खिडकीसारखं त्यात हाताला काही लागत नाही.