स्त्री-कैद्यांची सागरपार हद्दपारी

चोरीमारीसाठी दोषी ठरलेल्या स्त्रियांना ब्रिटनमधून जहाजात घालून दूरच्या वसाहतीत पाठवण्याची शिक्षा. मराठीत 'काळे पाणी' म्हटले की अंदमान डोळ्यांपुढे येते. पण तिथली कैद्यांची वसाहत १८५८ ची. त्याआधी ७० वर्षांपासून इंग्रज सरकार आपल्याच देशातल्या गोरगरिबांना ऑस्ट्रेलियात नेऊन सोडत होते. १७८८ ते १८६८ या काळात तिकडे गेलेल्या सुमारे १,६२,००० कैद्यांत स्त्रिया साधारण २५,००० होत्या. बहुतेकींचा गुन्हा चोरीचा, आणि चोरलेला माल बहुधा कपडेलत्ते, कापडाचा तुकडा किंवा मालकाच्या घरातली एखादी वस्तू. ही शिक्षा काय होती हे मेरी वेडच्या (१७७५–१८५९) खटल्यावरून नीट कळते.

मेरी लंडनची. रस्ते झाडण्याच्या निमित्ताने भीक मागून ती पोट भरत असे. ५ ऑक्टोबर १७८८ रोजी, वयाच्या तेराव्या वर्षात असताना, ती आणि १४ वर्षांची जेन व्हायटिंग यांना ट्रेझरीच्या, म्हणजे सरकारी खजिन्याच्या, आवारात मेरी फिलिप्स नावाची आठ वर्षांची मुलगी भेटली. ती बाटली घेऊन पाणी भरायला आली होती. दोघींनी तिला तिथल्या संडासात नेले आणि अंगावरचा सुती फ्रॉक, खांद्यावरची तागाची पट्टी आणि टोपी काढून घेतली. फ्रॉक गहाणवटीच्या दुकानात गेला. पट्टी मेरीच्या खोलीत सापडली, आणि तीच पुराव्याला पुरली. पोरीला संडासाच्या खड्ड्यात ढकलून दिले असते तर बरे झाले असते, असे मेरी पकडल्यावर बोलल्याची साक्ष खटल्यात आली. मेरी गरीब गाय नव्हती, हे लपवण्यात अर्थ नाही. पण बोलणारी व्यक्ती अजून मूल होती, हेही विसरून चालत नाही.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये दोनशेच्या आसपास गुन्ह्यांना फाशी होती. हमरस्त्यावर धाक घालून लुटणे हा त्यांतलाच एक, मग लूट कितीही किरकोळ असो. आरोप याच कलमाखाली असल्यामुळे ओल्ड बेलीच्या न्यायालयाने १४ जानेवारी १७८९ रोजी दोन्ही मुलींना दोषी ठरवले, आणि शिक्षा फाशीची झाली.

मुली वाचल्या त्या कायद्याच्या दयेने नव्हे. मार्चमध्ये राजा तिसरा जॉर्ज वेडाच्या आजारातून बरा झाल्याचे जाहीर झाले. त्या आनंदात फाशीची वाट पाहणाऱ्या स्त्रियांना सूट मिळाली आणि फाशीच्या जागी हद्दपारी आली. सूट देण्यात सरकारची गरजही होती. सिडनीच्या नव्या वसाहतीत पुरुष फार, स्त्रिया थोड्या. वसाहत टिकायची तर बायका हव्यात, असा हा हिशेब होता, आणि तो ज्यांच्या जिवावर मांडला त्यांना कोणी विचारले नव्हते.

'लेडी जुलियाना' या जहाजावर केवळ स्त्री-कैदी होत्या, सव्वादोनशेच्या आसपास. जुलै १७८९ मध्ये प्लिमथ सोडलेले हे जहाज टेनेरीफ, रिओ दी जानेरो, केप टाऊन अशी बंदरे घेत ३ जून १७९० रोजी सिडनीला लागले. प्रवास रेंगाळला, पण त्यानेच या स्त्रिया तगल्या. बंदरोबंदरी ताजे अन्न मिळत गेले आणि मृत्यू थोडे झाले. त्याच महिन्यात मागून आलेल्या 'नेपच्यून', 'सरप्राइज' आणि 'स्कार्बरो' या जहाजांवर चौथा हिस्सा कैदी वाटेतच मेले होते. सिडनीत मात्र स्वागत थंड झाले. शिधासामग्री आणणारे 'गार्डियन' हे जहाज हिमनगावर आदळल्यामुळे वसाहत अर्धपोटी होती. धान्याची वाट पाहणाऱ्यांपुढे खाणारी तोंडे येऊन उभी राहिली.

मेरीला लगेच 'सरप्राइज'वरून पॅसिफिक महासागरातल्या नॉरफोक बेटावर धाडले. तिथे 'सिरियस' जहाज मार्चमध्येच फुटले होते आणि माणसे माउंट पिटवर घरटी करणारे समुद्रपक्षी मारून जगत होती. या बेटावर तिला मुले झाली. पुढे ती ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर परतली, जॉनथन ब्रूकरबरोबर शेती करू लागली आणि १८१७ मध्ये त्यांचे लग्न झाले. १८२३ च्या सुमारास वणव्यात त्यांचे होते नव्हते ते जळाले. ते इलावारा भागात पुन्हा उभे राहिले.

मेरीला एकवीस मुले झाली असे सांगतात. १७ डिसेंबर १८५९ रोजी, ८४ व्या वाढदिवशी, ती वुलनगाँगजवळच्या फेअरी मेडो येथे वारली, तेव्हा तिचे तीनशेहून अधिक वंशज हयात होते. 'कैद्याचा डाग' म्हणून असे पूर्वज ऑस्ट्रेलियन कुटुंबे कित्येक पिढ्या लपवून ठेवत. माजी पंतप्रधान केव्हिन रड हे मेरीचेच वंशज.