पीक-परागीभवन आणि मधमाशीपालन

पिकाच्या फुलोऱ्यात शेतात किंवा बागेत मधमाश्यांच्या वसाहती ठेवून फलधारणा व बीजधारणा वाढविण्याची पद्धत. तिचा मोठा लाभ शेतकऱ्याच्या पदरी पडतो. मधपाळाचे उत्पन्न मात्र मुख्यतः मधविक्रीवर चालते. परागीभवनासाठी पेट्या भाड्याने देण्याची रीत जेथे रुजलेली नाही, तेथे स्थानिक मधाला गिऱ्हाईक नसेल तर परिसरात पेट्याही टिकत नाहीत.

फुलांच्या फलनातील कीटकांचे कार्य जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कोलरॉयटर (१७६१) व श्प्रेंगेल (१७९३) यांनी विशद केले. पेट्या हव्या त्या पिकात नेणे मात्र सुट्या चौकटींची (पोळी न तोडता उचलून काढता येणारी) पेटी आल्यावरच सुकर झाले. या पेटीच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. युक्रेनमधील मधपाळ प्रोकोपोविच यांनी सुमारे १८१४ मध्ये चौकटी वापरल्या, पण केवळ मधकोठीत (मध साठविण्याच्या कप्प्यात). सायलीशियातील धर्मगुरू व मधपाळ झेर्झोन यांच्या पेटीत (एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध) पोळी वरच्या पट्ट्यांना लोंबत. ती बाजूच्या भिंतींना चिकटत आणि कापून सोडवावी लागत. जर्मन मधपाळ फॉन बर्लेप्श यांनी पूर्ण चौकट वापरली, तिचा काळ साधारणपणे १८५० नंतरचा धरतात. अमेरिकन मधपाळ लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये चौकटीभोवती सर्व बाजूंनी सुमारे ६ ते ९ मिमी. मोकळी जागा राखली व १८५२ मध्ये एकस्व (पेटंट) घेतले. जागा याहून कमी असल्यास पाश्चात्त्य मधमाशी (एपिस मेलिफेरा) ती राळेने बुजवते, अधिक असल्यास तेथे जादा पोळे बांधते. हे अंतर झेर्झोन यांना आधीच ठाऊक होते, असा एक पक्ष आहे. तथापि वरून उघडणाऱ्या संपूर्ण पेटीत त्याचा पद्धतशीर उपयोग करण्याचे श्रेय लँगस्ट्रॉथ यांना देणे अधिक सयुक्तिक दिसते. भारतातील सातेरी मधमाशी (एपिस सेराना) आकाराने लहान असल्याने तिच्या पेटीची मापेही लहान असतात.

पेट्या सुमारे ५ ते १० टक्के फुले उमलल्यावर नेतात. त्याआधी नेल्यास माश्या आसपासच्या तणांच्या फुलांवर स्थिरावतात आणि तेथून सहसा लवकर हटत नाहीत. हेक्टरी दोन ते पाच पेट्या हे ढोबळ प्रमाण होय. पेटीचे बळ त्याहून महत्त्वाचे. निदान सहा-आठ चौकटी माश्यांनी झाकलेल्या असाव्यात व पोळ्याच्या उघड्या (टोपण नसलेल्या) घरांत अळ्या असाव्यात, कारण परागाची ओढ अळ्यांच्या भुकेमुळे लागते. अळ्या नसलेली वसाहत मकरंद आणते, पराग थोडाच. हलवाहलव रात्री, दार बंद करून पण हवेची जाळी मोकळी ठेवून करतात. नवी जागा जुन्या जागेपासून दोन-तीन किलोमीटरच्या आत असल्यास कामकरी माश्या जुन्या जागी परततात.

पिकागणिक परिणाम भिन्न असतो. काकडी व कलिंगडाच्या मादीफुलाला माश्यांच्या अनेक भेटी लागतात. कुक्षीवर (मादीफुलाच्या पराग धरणाऱ्या टोकावर) पराग अपुरा पडल्यास फळ वाकडे किंवा एका बाजूला खुरटलेले निपजते. सफरचंदाच्या बहुतेक जातींना जवळ दुसऱ्या जातीची झाडे हवीत, नुसत्या पेट्या वाढवून भागत नाही. टोमॅटो व वांग्याचे परागकोश टोकाच्या छिद्रांतून पराग सोडतात. तो झटकण्यासाठी लागणारे कंपन भुंगे करतात, मधमाश्या करू शकत नाहीत.

२००७ च्या एका बहुउद्धृत आढाव्यानुसार जगातील ११५ प्रमुख खाद्यपिकांपैकी ८७ पिके कमीअधिक प्रमाणात प्राणिपरागीभवनावर अवलंबून आहेत व त्यांचा वाटा उत्पादनाच्या ३५ टक्के आहे. माश्या नसतील तर एवढे अन्न नाहीसे होईल, असा अर्थ यातून काढणे चूक. गहू व भात यांना माश्या लागत नाहीत आणि उरलेल्यांतील बरीच पिके अंशतःच अवलंबून आहेत. रानटी परागवाहक असल्यास फलधारणा अधिक होते आणि पाळीव मधमाश्या त्यांची जागा भरून काढत नाहीत, असे २०१३ मधील एका व्यापक अभ्यासात आढळले.

फवारणी फुलोऱ्यात टाळावी. अटळ असल्यास सायंकाळी माश्या परतल्यावर करावी आणि मधपाळास आधी कळवावे. भुकटी विशेष घातक ठरते, कारण ती परागाबरोबर पोळ्यात जाऊन साठते. फवारणीपासून वाचविण्यासाठी भर उन्हात पेटीचे दार बंद ठेवल्यास मात्र वसाहत गुदमरून मरते.

मध घरांवर मेणाची टोपणे चढल्यावर काढतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पाणी सर्वसाधारणपणे २० टक्क्यांहून अधिक नसावे. टोपणे चढण्याआधी काढलेला, पाणी अधिक असलेला कच्चा मध आंबतो. मधाचे रवाळ होणे ही ग्लुकोजमुळे घडणारी नैसर्गिक क्रिया असून भेसळीची खूण नव्हे. सुमारे ४० अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात बाटली ठेवल्यास तो पुन्हा पातळ होतो. घरगुती कसोट्या (पाण्यात थेंब सोडणे, वात पेटविणे) भरवशाच्या नाहीत. उसाची वा मक्याची साखर कार्बन-समस्थानिक चाचणीत ओळखता येते, तांदळाचा पाक तीत निसटतो. मधातील परागकणांवरून मूळ प्रदेशाचा अंदाज बांधता येतो, परंतु अतिसूक्ष्म गाळण केलेल्या मधात परागच उरत नसल्याने तोही मार्ग बंद होतो.