दीड महिन्याचा हिशेब

कोल्हापुरात पायाचं प्लास्टर काढायला आलेल्या पोराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मग खेळू काय आता?" हाड जुळलं का, हे तो विचारत नाही. दीड महिना भरला म्हणजे ते जुळलंच, असं त्यानं धरलेलं असतं, आणि शाहू स्टेडियमवरची फुटबॉल मॅच तोंडावर आलेली असते. हा दीड महिना एवढा पक्का कसा झाला, हे पाहायचं तर बरंच मागं जावं लागतं.

सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडावर स्वतंत्र अध्याय आहेत. हाड मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार त्यांत वेगळे सांगितलेत. आधारासाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, बांबू, वड यांच्या साली किंवा कामट्या वापरायच्या. पट्टी थंडीत सात दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलायची. ढिली बांधली तर सांधा स्थिर होत नाही आणि घट्ट बांधली तर सूज, वेदना, पू होतो, ही ताकीदही तिथंच आहे. मुदतीचा हिशेबही आहे : तरुणाला एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट, उतारवयात तिप्पट. पण मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती हाताच्या दुखापतीची ओळ. आधी शेणाचा नि मातीचा गोळा धरायला द्यावा आणि हातात बळ आल्यावर दगड. आज फिजिओथेरपिस्ट ज्याला टप्प्याटप्प्यानं भार वाढवणं म्हणतो, ते हेच.

तालमीतही ही रीत होतीच. राजर्षी शाहूंच्या काळात, 1912 मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. पण लाल मातीत पडणं-झडणं त्याआधीपासूनचं. गळ्याजवळचं हाड मोडणं, कोपर निखळणं, मनगट मुरगळणं हे रोजचं. हाडवैद्य किंवा हात बसलेला वस्ताद सांधा जागेवर बसवायचा, वर आंबेहळदीचा लेप, कामट्या आणि पट्टी. बरा झालेला पोरगा लगेच बरोबरीच्या जोडीला सोडला जात नसे. आधी बैठका, मग जोर, मग आपल्यापेक्षा हलक्या पोराशी लढत. या रीतीचं कौतुक करताना तिची दुसरी बाजू झाकू नये. सुजलेल्या हाताला करकचून बांधलेल्या कामट्यांनी रक्तपुरवठा तुटतो, स्नायू मरतात आणि बोटं कायमची आखडतात. फोकमान या जर्मन सर्जननं 1881 मध्ये या व्यंगाचं वर्णन केलं.

प्लास्टर त्याआधीच आलं होतं. मॅथिजसेन या डच लष्करी डॉक्टरनं 1852 मध्ये जिप्समची भुकटी चोळलेल्या, पाण्यात भिजवताच घट्ट होणाऱ्या पट्ट्यांची पद्धत मांडली. 1895 मध्ये राँटगेननं क्ष-किरण शोधले आणि आतलं हाड दिसू लागलं. लिव्हरपूलचा सर्जन ह्यू ओवेन थॉमस तर हाडवैद्यांच्याच घराण्यातला. त्याचा आग्रह पूर्ण, अखंड आणि दीर्घ विश्रांतीचा. त्याच काळात फ्रान्समध्ये ल्युका-शांपियोनियेर हा सर्जन म्हणत होता की हालचाल लवकर सुरू करा. जिंकलं ते प्लास्टर. स्वस्त, सोपं, कुठल्याही दवाखान्यात होणारं. संस्थानकाळातल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलचं पुढं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय झालं, तिथंही पिढ्यान् पिढ्या हातपाय पांढऱ्या कवचात गेले. कवच निघालं म्हणजे उपचार संपला, हा समज तिथूनच बळावला असावा. शेण, माती, दगड यांतला दगडाचा टप्पाच गळाला.

थॉमसचाच भाचा रॉबर्ट जोन्स. नाचताना त्याचा पाय दुखावला, त्यानं सहकाऱ्याकडून त्या पायाचा क्ष-किरण फोटो काढून घेतला आणि 1902 मध्ये त्यावर लिहिलं. पायाच्या करंगळीमागचं लांब हाड बुडाजवळ मोडतं, त्याला आजही त्याचं नाव आहे. फुटबॉलवाल्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. त्या जागी रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळं दीड महिन्याचा हिशेब इथं हमखास चुकतो. म्हणूनच खेळाडूंच्या बाबतीत डॉक्टर अनेकदा आत स्क्रू घालायचं सुचवतात. घाईनं परतलेल्याचं हाड पुन्हा तिथंच मोडल्याची उदाहरणं कमी नाहीत.

खरं वळण 1958 चं. स्वित्झर्लंडमधल्या बील गावी काही सर्जननी गट स्थापला, 'एओ' म्हणून तो पुढं जगभर ओळखला गेला. त्यांचा रोख प्लास्टरनं होणाऱ्या आजारावर होता : हाड जुळतं, पण सांधा आखडतो, स्नायू झिजतो, हाडही विरळ होतं. उपाय म्हणजे प्लेट आणि स्क्रूनं हाड घट्ट धरायचं आणि सांधा लवकर हलवायचा. हाडाच्या आत सळई घालण्याची क्युंचर या जर्मन सर्जनची पद्धत त्याआधीच, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आली होती. यातूनही नवा गैरसमज निघाला. "रॉड टाकलाय, आता काय होतंय?" असं पेठेत सर्रास ऐकू येतं. धातू हाडाला तात्पुरता टेकू देतो. हाड जुळायचं लांबलं तर वारंवारच्या भारानं तोही मोडतो.

आतलं काम आपल्या गतीनं चालतं. आधी रक्ताची गाठ, दोन-तीन आठवड्यांत मऊ सांधण, मग ते कठीण होतं. पुढं ताणाच्या दिशेनं हाड स्वतःला घडवत राहतं, आणि यात महिने, कधी वर्षंही जातात. पायाच्या करंगळीचं हाड जुळतं त्या मुदतीत मांडीचं हाड जुळत नाही. सिगारेट ओढणाऱ्याचं हाड उशिरा जुळतं, हे नक्की. बकऱ्याच्या पायांचा रस प्यायला हरकत नाही, पण त्यानं तारीख अलीकडं येत नाही.

आता डॉक्टर कॅलेंडरासोबत बाकीचंही बघतात. दाबल्यावर दुखतं का, फोटोत चारपैकी तीन बाजूंनी हाड सांधलंय का, सांधा पूर्ण वळतो का, दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के ताकद आलीय का. मग चालणं, हळू पळणं, वेग, वळणं, एकट्यानं बॉल, आणि शेवटी अंगावर येणारा खेळाडू. दुखलं की एक पायरी मागं. हे सगळं पार पडेपर्यंत पुष्कळदा निम्मा सीझन सरलेला असतो.