हळद चमकते खरी, पण त्या रीलमध्ये नाही

मागं ते रील सगळीकडं फिरत होतं ना, अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर पाण्याचा ग्लास ठेवायचा, वरून चमचाभर हळद सोडायची, सोनेरी उजेड पसरतो आणि पोरं आ करून बघतात. लगेच कुणी म्हणालं घरात पॉझिटिव्ह एनर्जी येते, कुणी म्हणालं असलं रात्री करू नका, भुतं येतात. आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोत्यांवर पोती असतात, भुतं यायचीच असती तर आधी सौद्याला आली असती.

त्या ग्लासात होतं एवढंच की हळदीचे न विरघळलेले कण टॉर्चचा उजेड इकडंतिकडं उडवतात. हळदीऐवजी दुधाचे चार थेंब टाकून बघा, ग्लास तसाच उजळतो, फक्त सोनेरी दिसत नाही, कारण उजेडातला निळा-जांभळा भाग गिळायला तिथं हळद नसते.

खरी मजा बघायची तर मेडिकलमधून स्पिरिट आणा आणि नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च घ्या. काचेच्या छोट्या ग्लासात थोडं स्पिरिट, त्यात चिमूटभर हळद, ढवळून ठेवून द्या, गाळ खाली बसला की वरचं पिवळं पाणी दुसऱ्या ग्लासात ओता. आता खोलीत अंधार करून बाजूनं टॉर्च मारा. पिवळं पाणी चक्क हिरवट पेटतं! (गॅस, निरंजन लांब ठेवा, टॉर्च डोळ्यात मारायचा नाही, मोठं माणूस जवळ पाहिजे.)

हे कसं होतं, तर हळदीला पिवळा रंग देणारं करक्युमिन पाण्यात विरघळत नाही पण स्पिरिटमध्ये विरघळतं, टॉर्चचा साधारण 395 नॅनोमीटरचा जांभळा उजेड त्याच्या रेणूनं गिळला की इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो, तिथं रेणू थोडा थरथरतो, त्यात काही ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते, आणि मग सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आतच इलेक्ट्रॉन खाली येताना उरलेली ऊर्जा उजेड म्हणून बाहेर पडते. ऊर्जा कमी म्हणजे तरंगलांबी जास्त, म्हणून जांभळा आत गेला आणि साधारण 530 नॅनोमीटरचा हिरवा बाहेर आला, हिशोब केला तर पाव ऊर्जा वाटेतच गेली. बाहेर पडणारा उजेड आत गेलेल्यापेक्षा जास्त तरंगलांबीचा असतो हे शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 मध्येच मांडलं होतं. घरातले पांढरे एलईडी बल्बही याच तत्त्वावर चालतात, आत निळी एलईडी आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा (निळा उजेड गिळून पिवळा सोडणाऱ्या पदार्थाचा) थर, दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं.

आता नीट निरखून बघा, पाणी गडद असेल तर हिरवा उजेड टॉर्चच्या बाजूच्या काचेलगत पातळ थरातच दिसतो, पलीकडची बाजू मंदच. मागं तसलाच दुसरा ग्लास ठेवा, तो जवळजवळ पेटतच नाही. जांभळा उजेड पहिल्यानंच संपवला, दुसऱ्याला काय उरणार? मग पहिल्यात स्पिरिट घालून पातळ करत जा आणि दुसरा कधी पेटायला लागतो ते पोरांनाच शोधू दे.

शर्टावर सांडलं तर साबण लावल्यावर डाग लाल होईल, घाबरू नका, धुवून कडक उन्हात टाका, करक्युमिन उन्हात मोडतं आणि डाग फिका पडत जातो.