डेटोना ५००

अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात डेटोना बीच या गावी दर फेब्रुवारीत होणारी स्टॉक कार शर्यत. नॅस्कार या संस्थेच्या कप मालिकेतली ही सर्वांत मानाची शर्यत, आणि ती मोसमाच्या आरंभीच होते. अडीच मैलांच्या ट्रॅकच्या २०० फेऱ्या, एकूण ५०० मैल म्हणजे सुमारे ८०५ किलोमीटर. हल्ली साधारण ४० गाड्या उतरतात. विजेत्याला हार्ली जे. अर्ल करंडक मिळतो.

स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममधून घेतलेली, फारसे फेरफार न केलेली गाडी. आज हे नावापुरतेच उरले आहे. वरून गाडी फोर्ड मस्टँग, शेव्हरोले कमारो किंवा टोयोटा कॅमरीसारखी दिसते, पण आत पोलादी नळ्यांचा सांगाडा असतो. हेडलाइट म्हणजे चिकटवलेले चित्र. दार उघडत नाही; चालक खिडकीतून पाय आत टाकून बसतो, मग स्टिअरिंग व्हील जागेवर अडकवतो आणि खिडकीला जाळी लावून घेतो.

शर्यतीचे मूळ समुद्राच्या वाळूत आहे. डेटोनाचा किनारा लांबलचक, सपाट आणि ओहोटीला चांगलाच टणक. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेगाचे जागतिक विक्रम करायला लोक येथे येत. १९३५ साली माल्कम कॅम्पबेल यांनी याच वाळूवर ताशी २७६ मैलांचा वेग गाठला. पुढे अर्धी वाट वाळूवरून आणि अर्धी शेजारच्या डांबरी रस्त्यावरून अशा शर्यती सुरू झाल्या. भरती आली की ट्रॅकच गायब! या शर्यतींचे आयोजक बिल फ्रान्स यांनी डिसेंबर १९४७ मध्ये गावातल्या स्ट्रीमलाइन हॉटेलात चालक, मेकॅनिक आणि आयोजकांची बैठक बोलावली. तीतून १९४८ मध्ये नॅस्कार उभी राहिली. किनाऱ्यावरची शेवटची शर्यत १९५८ साली झाली. पुढच्या वर्षी फ्रान्स यांचा पक्का ट्रॅक तयार होता.

डेटोना इंटरनॅशनल स्पीडवे नुसता लंबगोल नाही. प्रेक्षकांच्या मुख्य सज्जासमोर सरळ पट्टा बाहेर फुगवून तेथेही एक हलके वळण दिले आहे. खरी गंमत उतारात आहे. वळणांवर रस्ता ३१ अंशांनी आत कललेला; पायी वर चढू पाहणाऱ्याला हात टेकावेसे वाटतील इतका. या उतारांसाठी लागलेली माती मैदानाच्या मध्यातूनच उकरली आणि त्या खड्ड्याचे २९ एकरांचे लॉइड तळे झाले. साध्या सपाट वळणावर चाके बाहेर घसरू नयेत म्हणून वेग कमी करावाच लागतो. येथे रस्ताच गाडीला आत ढकलतो, म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय न उचलता वळण घेता येते.

पहिली शर्यत २२ फेब्रुवारी १९५९ रोजी झाली आणि ५९ गाड्यांच्या त्या शर्यतीचा निकाल लागायला तीन दिवस गेले. ली पेटी आणि जॉनी बोशां रेषेवर जवळजवळ एकदमच आले. शेजारून फेरीने मागे पडलेली तिसरी गाडीही त्याच क्षणी गेली. बोशां यांना विजेते घोषित केले गेले, पण छायाचित्रे व चित्रफीत तपासल्यावर बुधवारी निकाल फिरला आणि पेटी विजयी ठरले. सबंध देशाच्या वर्तमानपत्रांत तीन दिवस या शर्यतीची चर्चा राहिली. पैसे खर्चूनही अशी जाहिरात फ्रान्स यांना मिळाली नसती.

डेटोनाच्या शर्यतीचे मर्म मात्र दुसऱ्या वर्षी उलगडले. ज्युनियर जॉन्सन हे नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातले, चोरट्या दारूच्या धंद्यात तरबेज झालेले आणि त्यापायी तुरुंगातही गेलेले चालक. १९६०च्या सरावात त्यांच्या लक्षात आले की आपली शेव्हरोले पाँटियाक कंपनीच्या गाड्यांपेक्षा स्पष्टच हळू आहे, पण एखाद्या पाँटियाकच्या अगदी शेपटीला चिकटलो की ती मागे पडत नाही. पुढची गाडी हवा फाडत जाते, मागचीला विरळ हवेत कमी जोर लागतो. शिवाय मागची गाडी पुढचीमागचा हवेचा भोवराही मोडते, त्यामुळे दोघी मिळून एकटीपेक्षा वेगाने धावतात. या युक्तीला ड्राफ्टिंग म्हणतात. जॉन्सन तिच्याच बळावर ती शर्यत जिंकले.

तेव्हापासून डेटोनाला कोणी एकट्याने जिंकत नाही. पुढे सरकायला रांगेतून बाहेर पडावे लागते, आणि मागून कोणी सोबत आले नाही तर बाहेर पडणारा बघता बघता दहा-पंधरा जागा घसरतो. वर सज्जाच्या छतावर प्रत्येक चालकाचा स्पॉटर उभा असतो. ‘आत आहे’, ‘बाहेर मोकळे’, ‘मागचा तुझ्याबरोबर येतोय’ अशा अर्थाचे तो कानात अखंड बोलत राहतो, कारण बंदिस्त आसनातून चालकाला बाजूचे फारसे दिसत नाही. ज्या प्रतिस्पर्ध्याला हरवायचे आहे, त्याच्याशीच शंभर-दीडशे फेऱ्या संगनमत करायचे. शर्यतीच्या खेळात इतके राजकारण दुसरीकडे क्वचितच सापडते.

१९८७ मध्ये बिल एलियट यांनी येथे पात्रता फेरीत ताशी २१०.३६४ मैलांचा वेग नोंदवला. त्याच वर्षी मे महिन्यात अलाबामातल्या टॅलाडेगा ट्रॅकवर बॉबी ॲलिसन यांची गाडी हवेत उडून प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली. गाडी जाळी फाडून पलीकडे गेली असती तर काय झाले असते, हे सर्वांनाच कळले. १९८८ पासून या दोन ट्रॅकांवर इंजिनात जाणारी हवा रोखणारी चार भोकांची धातूची पट्टी बसवणे सक्तीचे झाले. वेग उतरला, पण सगळ्यांची ताकद सारखीच कमी झाल्याने कोणालाच सुटून पुढे जाता येईना. मग गाड्या तीन-तीनच्या ओळींत, बंपरला बंपर लावून झुंडीने धावू लागल्या. एकाचे चाक चुकले की वीस गाड्यांचा चुराडा. अशा अपघाताला तेथे ‘द बिग वन’ असेच नाव आहे. प्रेक्षकांच्या सुरक्षेसाठी केलेल्या नियमाने चालकांपुढे नवा धोका वाढून ठेवला, आणि तिकिटेही त्याच थराराने खपली, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१९ मध्ये पट्टीची जागा दुसऱ्या रोधकाने घेतली, झुंड मात्र तशीच राहिली.

ली यांचे चिरंजीव रिचर्ड पेटी यांनी ही शर्यत सात वेळा जिंकली. हा विक्रम अजून अबाधित आहे. त्यांची न जिंकलेली १९७६ची शर्यतही तितकीच आठवली जाते. शेवटच्या वळणातून बाहेर पडताना ते आणि डेव्हिड पिअर्सन एकमेकांना घासले आणि दोघेही भिंतीवर आदळून गवतावर गरगरले. पेटींची गाडी रेषेच्या अलीकडेच बंद पडली. पिअर्सननी गरगरतानाच क्लच दाबून इंजिन चालू ठेवले होते. चेपलेल्या नाकाची ती गाडी रिक्षाच्या वेगाने रेषा ओलांडून गेली. १९७९ मध्ये सीबीएस वाहिनीने शर्यत पहिल्यांदाच अथपासून इतिपर्यंत थेट दाखवली. ईशान्य अमेरिकेत बर्फामुळे लोक घरात अडकलेले. शेवटच्या फेरीत पहिले दोघे, डॉनी ॲलिसन आणि केल यारबरो, एकमेकांवर आदळले, पेटी पुढे निघून जिंकले आणि ट्रॅकच्या कडेला मारामारी जुंपली. तिच्यात डॉनींचे भाऊ बॉबीही उतरले. दक्षिणेतला म्हणून हिणवला जाणारा खेळ त्या दुपारी देशभर पोहोचला.

डेल अर्नहार्ट यांनी या ट्रॅकवर लहानमोठ्या ३४ शर्यती जिंकल्या, पण डेटोना ५०० हुलकावणी देत राहिली. १९९८ मध्ये विसाव्या खेपेस ती हाती आली, तेव्हा सर्व संघांचे कर्मचारी पिटच्या, म्हणजे टायर-इंधनासाठी गाड्या थांबतात त्या जागेच्या, वाटेवर रांग लावून त्यांचा हात हाती घ्यायला उभे राहिले. १८ फेब्रुवारी २००१ रोजी ते तिसऱ्या क्रमांकावर होते. पुढे त्यांच्याच मालकीच्या संघाचे मायकेल वॉलट्रिप आणि मुलगा डेल ज्युनियर. शेवटच्या फेरीत चौथ्या वळणावर त्यांची गाडी भिंतीवर आदळली आणि कवटीच्या तळाचे हाड मोडून ते गेले. वॉलट्रिप यांचा ४६३ शर्यतींतला तो पहिलाच विजय. त्याच वर्षी डोके-मान जखडून ठेवणारे उपकरण सक्तीचे झाले. पुढे काँक्रीटच्या भिंतींपुढे आघात शोषणारे पोलाद-फोमचे कठडे आले. २०२० मध्ये रायन न्यूमन यांची गाडी उलटी होऊन ठिणग्या उडवत घसरली, तरी दोनच दिवसांनी ते मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर पडले.

सगळे लंबगोल ट्रॅक असे नसतात. व्हर्जिनियातला मार्टिन्सव्हिल जेमतेम अर्ध्या मैलाचा. तेथे ड्राफ्टिंगपेक्षा ब्रेक महत्त्वाचे. भारताचे नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये नॅस्कारच्या पिकअप ट्रकांच्या मालिकेत पहिल्यांदा उतरले ते याच ट्रॅकवर, आणि तेरावे आले.

डेटोना ५०० ही निव्वळ लॉटरी आहे, अशी तक्रार अलीकडे वारंवार ऐकू येते. २०२१ मध्ये मायकेल मॅकडॉवेल ३५८व्या शर्यतीत आपला पहिला विजय मिळवून गेले, कारण शेवटच्या फेरीत पुढचे दोघे एकमेकांत अडकले. तक्रारीत तथ्य आहे, पण अर्धेच. डेनी हॅमलिन यांनी २०१६, २०१९ आणि २०२० अशी तीनदा ही शर्यत जिंकली, पैकी पहिली सेकंदाच्या शंभराव्या भागाने. विल्यम बायरन यांनी २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोनदा.