रुग्णानुभव मापन (गरीब देशांतील)

रुग्णानुभव मापन : आरोग्यसेवा घेताना रुग्णाशी नेमके काय घडले, हे त्याच्याच तोंडून नोंदवण्याची पद्धत. किती वेळ ताटकळावे लागले, आजार समजावून सांगितला का, तपासताना आडोसा होता का, औषध दवाखान्यातच मिळाले की बाहेरून आणावे लागले, कोणी वरचे पैसे मागितले का, असे प्रश्न त्यात येतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००० च्या आपल्या अहवालात आरोग्यव्यवस्थांची तुलना करताना आयुर्मानाबरोबर ‘प्रतिसादक्षमता’ हाही निकष धरला. रुग्णाचा सन्मान, गोपनीयता, तत्परता, निर्णयातला त्याचा सहभाग या बाबी त्यात मोजल्या गेल्या.

‘तुम्ही समाधानी आहात का?’ एवढेच विचारले तर गरीब भागांतूनही भरघोस होकार येतो आणि त्याचा अर्थ फारसा लागत नाही. समाधान अपेक्षेवर तोलले जाते. जिथे डॉक्टर भेटणे हेच नशीब, तिथे अपेक्षा बेताचीच. बारा अल्प व मध्यम उत्पन्न देशांतील इंटरनेट वापरणाऱ्यांना निकृष्ट उपचारांचे काल्पनिक प्रसंग वाचायला दिले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी त्या सेवेला ‘चांगली’ किंवा त्याहून वरचा शेरा दिला (२०१९). अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये याच जातीची विसंगती दाखवली होती : केरळात आयुर्मान जास्त, तरी आपण आजारी असल्याचे सांगणारेही जास्त, बिहारमध्ये नेमके उलटे.

कोण, कुठे आणि कसे विचारतो यानेही उत्तर बदलते. मादागास्करमध्ये दवाखान्यातच विचारल्यावर मिळालेली मते घरी जाऊन घेतलेल्या मतांपेक्षा अधिक गोड निघाली. नायजेरियात विधान होकारार्थी मांडले की नकारार्थी, एवढ्यावरून समाधानाचे प्रमाण खालीवर झाले. म्हणून ‘कसे वाटले’ यापेक्षा ‘काय झाले’ हे विचारणे बरे. बाळंतपणाच्या बाबतीत तर ते अटळच आहे. घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरिया येथील २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुलाखत दिलेल्या २,६७२ स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांनी मारहाण, शिवीगाळ किंवा भेदभाव सोसल्याचे सांगितले. निरीक्षक प्रत्यक्ष बसले, तिथे हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या घरात गेले.

महाराष्ट्रात २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली ‘लोकाधारित देखरेख व नियोजन’ हा उपक्रम अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे व ठाणे या जिल्ह्यांत सुरू झाला. राज्यपातळीवरचे समन्वयन पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होते. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्राचे प्रगतिपत्रक हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत भरायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे, अशी त्याची घडण. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते ढोबळ खरे. पण उत्तर देणारा माणूस एकटा पडत नाही आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे तो समोरच बसलेला असतो, हे एरवीच्या प्रश्नावलीत साधत नाही.

केंद्र सरकारचा ‘मेरा अस्पताल’ (२०१६) याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तो लघुसंदेश, ध्वनिमुद्रित कॉल, मोबाइल ॲप आणि संकेतस्थळ यांमार्फत अभिप्राय घेतो. आधी समाधान विचारायचे आणि नाराजी असेल तरच कारण, हा त्याचा क्रम. त्यामुळे वर सांगितलेली अपेक्षेची अडचण तिथे तशीच राहते. शिवाय घरातला एकच फोन नवऱ्याच्या खिशात असेल, तर बाळंतिणीच्या वतीने बटण दाबणारा तोच.